अग्निबाणामागची टिपणी

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भूमीवर उतरले, त्या वेळी कस्तुरबा गांधी मार्गावरील आमच्या कचेरीत घरी जाण्यासाठी कोणीही उठले नव्हते. फायलींच्या गठ्ठ्याला टेकवून एक फोन उभा केला होता आणि त्याच्या वीतभर पडद्याभोवती पंधरावीस माणसे वाकून उभी होती. यान उतरले, टाळ्या झाल्या, कोणी तरी बंगाली मार्केटातून लाडू आणले. निवृत्तीला तीन महिने उरलेले आमचे सेक्शन ऑफिसर चष्मा पुसत म्हणाले, हे सगळे उत्तमच झाले. परंतु या कामाची पहिली टिपणी कोणत्या टेबलावरून निघाली असेल? सगळे मोठ्याने हसले. मीही हसलो.

नंतर मात्र वाटू लागले, की हा प्रश्न केवळ कचेरीतला विनोद नव्हे. तो वाङ्मयाचाही प्रश्न आहे. अग्निबाण उडवणे हा जसा शास्त्राचा पराक्रम, तसाच तो राज्यसंस्थेचा निर्णय असतो. त्यासाठी पैसा कोणी तरी मागावा लागतो, कोणी तरी नाकारावा लागतो, आणि कोणी तरी, कोणत्या तरी दिवशी, नकाराचा होकार करावा लागतो. या घडामोडींचा इतिहास म्हणजे अवकाशाचा राजकीय इतिहास. मराठीत अवकाशाविषयी चरित्रे आहेत, विज्ञानकथा आहेत, माहितीपर पुस्तके तर पुष्कळच आहेत. त्या सगळ्यांना आमच्या सेक्शन ऑफिसरांचा प्रश्न विचारून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखक शास्त्रज्ञ नाही, समीक्षकही नाही. केंद्र सरकारचा कारकून आहे. फायल कशी चालते, आणि का चालत नाही, एवढे मात्र त्याला थोडेफार ठाऊक आहे.

मराठी घरांत या विषयावरचे बहुधा सर्वांत अधिक वाचले गेलेले पुस्तक म्हणजे ‘अग्निपंख’. अब्दुल कलाम यांनी अरुण तिवारी यांच्या साहाय्याने लिहिलेले मूळ इंग्रजी आत्मचरित्र १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि माधुरी शानभाग यांनी ते मराठीत आणले. अनुवाद सरळ आहे, ओघवता आहे. दहावी-बारावीची मुले ते एका बैठकीत वाचतात, हे त्याचे यश कमी लेखण्यासारखे नाही. पुस्तकाचे चार भाग आहेत आणि चारही भागांना धरून ठेवणारे सूत्र एकच: गुरू आणि शिष्य. वडील, शिक्षक, साराभाई, ब्रह्मप्रकाश, धवन. एकेक थोर पुरुष येतो, या मुलाच्या मस्तकावर हात ठेवतो आणि मुलगा एक पायरी वर चढतो. भारतीय मनाला ही रचना अत्यंत जवळची आहे. संतचरित्रांवर वाढलेल्या मराठी वाचकाला तर ती घरचीच वाटते. परंतु तिची एक अट असते. ज्याचा शिष्याच्या घडणीशी संबंध नाही, तो माणूस तिच्यात फार वेळ थांबू शकत नाही.

याचा पुरावा खुद्द त्या पुस्तकातच आहे. थुंबा येथील जमिनीची हकीकत वाचकांना आठवत असेल. तेथील मेरी मॅग्डलीनचे चर्च, बिशपचे घर, आणि मच्छीमारांच्या त्या वस्तीतून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडालेला पहिला अग्निबाण. ही गोष्ट आता इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की तिला आख्यायिकेचे रूप आले आहे. कलाम त्या ठिकाणी तिरुवनंतपुरमचे तत्कालीन कलेक्टर के. माधवन नायर यांचा उल्लेख करतात. जमिनीचे संपादन कोणाला फारसा त्रास न होता, त्यांच्या चातुर्याने आणि बिशपच्या सहकार्याने पार पडले, असे सांगतात. पाठोपाठ केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याचे कार्यकारी अभियंता येऊन त्या परिसराचा कायापालट करतात. एक कलेक्टर, एक कार्यकारी अभियंता. दोघेही नावानिशी येतात आणि दोनतीन वाक्यांत निघून जातात. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचले. मला त्या पुस्तकातले सर्वांत नाट्यमय पान तेच वाटते, आणि लेखकाला ते नाट्य दिसलेले नाही. मच्छीमारांच्या एका गावाची जमीन सरकारजमा होते, म्हणजे नेमके काय होते? नोटिसा निघतात, मोजणी होते, नारळाची झाडे मोजली जातात, मोबदल्याचे आकडे ठरतात, कोणी तरी हरकत घेते. ‘फारसा त्रास न होता’ हा शेरा कोणाचा? त्रास देणाऱ्याचा की सोसणाऱ्याचा? ज्याने एकदा तरी भूसंपादनाची फायल हाताळली आहे, तो हे वाक्य इतक्या सहजासहजी पुढे जाऊ देणार नाही.

यात कलामांना दोष द्यावा, असे मला वाटत नाही. त्यांनी आत्मचरित्र लिहिले. इतिहास लिहिण्याचे वचन त्यांनी दिले नव्हते. दोष असलाच तर आपल्या वाचनाचा आहे. आत्मचरित्रालाच आपण इतिहास मानून बसलो.

दुसरे उदाहरण अधिक प्रसिद्ध आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ हा अग्निबाण श्रीहरिकोट्याहून उडाला आणि काही मिनिटांतच बंगालच्या उपसागरात कोसळला. प्रकल्पाचे प्रमुख कलाम. परंतु वार्ताहरांना सामोरे गेले ते सतीश धवन, आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. १८ जुलै १९८० रोजी तोच अग्निबाण यशस्वी झाला, तेव्हा धवनांनी कलामांना पुढे केले. ही कथा कलामांनी आपल्या भाषणांतून अनेकदा सांगितली, आणि आता ती व्यवस्थापनाच्या प्रत्येक शिबिरात सांगितली जाते. आमच्या प्रशिक्षणवर्गातही ती सांगितली गेली. नेतृत्व कसे असावे, याचा तो वस्तुपाठ आहे, याबद्दल वाद नाही.

पण त्या दोन तारखा राजकारणाच्या पंचांगावर ठेवून पाहा. अवकाश विभाग थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत. १० ऑगस्ट १९७९ ला पंतप्रधान होते चरणसिंग. त्यांना पदावर येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते, आणि आणखी दहा दिवसांनी, लोकसभेला एकदाही सामोरे न जाता, त्यांनी राजीनामा दिला. जानेवारी १९८० मध्ये निवडणूक होऊन इंदिरा गांधी परत आल्या. दुसरे उड्डाण झाले ते संजय गांधींच्या अपघाती मृत्यूनंतर महिन्याभराच्या आत. म्हणजे ज्या अकरा महिन्यांना कथेत ‘अपयशाकडून यशाकडे’ असे म्हणतात, त्या अकरा महिन्यांत या देशात एक सरकार गेले, सार्वत्रिक निवडणूक झाली, दुसरे सरकार आले. त्या काळात कितीतरी खात्यांत सचिव बदलले असतील, कितीतरी प्रकल्प ‘पुनर्विचारार्थ’ म्हणून कपाटात गेले असतील. हा एक प्रकल्प मात्र जागचा हलला नाही, आणि धवनही हलले नाहीत. १९७२ पासून १९८४ पर्यंत ते त्याच जागी होते. वस्तुपाठ सांगणारा विचारतो: धवन इतके थोर कसे? मला विचारावेसे वाटते: त्यांना ते थोरपण परवडेल, अशी खुर्ची त्यांना कोणी करून दिली?

त्या खुर्चीची हकीकत मराठीत कोणी सांगितलेली माझ्या वाचनात नाही, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. ऑगस्ट १९६१ मध्ये भारत सरकारने अवकाश संशोधन हा विषय अणुऊर्जा विभागाकडे सोपवला. १९६२ मध्ये त्या विभागाने अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती स्थापली. अणुऊर्जा विभाग हे मुळात एक विलक्षण प्रकरण. १९५४ मध्ये तो निर्माण झाला आणि त्याचे मुख्यालय दिल्लीत नव्हे, मुंबईत ठेवले गेले. १ मार्च १९५८ च्या ठरावाने अणुऊर्जा आयोगाला संसदेने मंजूर केलेल्या अर्थसंकल्पाच्या मर्यादेत पूर्ण कार्यकारी व आर्थिक अधिकार मिळाले. विभागाचा सचिव हाच आयोगाचा अध्यक्ष झाला. साराभाईंच्या निधनानंतर, जून १९७२ मध्ये, हाच साचा अवकाशासाठी वापरला गेला: एक अवकाश आयोग, एक अवकाश विभाग, आणि दोहोंचा प्रमुख एकच. धवनांनी ते पद स्वीकारताना अट घातली, की मुख्यालय बंगलोरात असावे आणि आपल्याला तेथील विज्ञान संस्थेचे संचालकपदही राखता यावे. अट मान्य झाली. अर्थखात्याचा प्रतिनिधी आयोगातच सदस्य म्हणून बसला. ज्यांनी नॉर्थ ब्लॉककडे फायल पाठवून तिच्या परतीची वाट पाहिली आहे, त्यांना या शेवटच्या वाक्याचे मोल समजावून सांगायला नको. आक्षेप घेणारा आणि आक्षेपाला उत्तर देणारा एकाच टेबलाशी बसले, तर टिपणी आठ महिन्यांऐवजी आठ दिवसांत संपते.

आता धवनांच्या त्या वार्ताहर परिषदेकडे पुन्हा पाहा. सचिव तेच, आयोगाचे अध्यक्ष तेच, अवकाश संस्थेचे प्रमुखही तेच. दोष ढकलायला दुसरे टेबलच शिल्लक नव्हते! एरवी आमच्या राज्यात दोष कधी एका जागी थांबत नाही. तो ‘अभिप्रायार्थ’ पुढच्या शाखेकडे जातो. धवनांचे मोठेपण यामुळे लहान होत नाही. परंतु त्या मोठेपणाला पाय रोवायला जमीन होती, आणि ती जमीन १९७२ मध्ये एका ठरावाने, म्हणजे शेवटी एका टिपणीने, निर्माण केली होती.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५४ मध्ये अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. १९७२ मध्ये होते यशवंतराव चव्हाण. दिल्लीच्या हाताबाहेरची ही दोन्ही खाती निर्माण झाली, तेव्हा तिजोरीच्या किल्ल्या मराठी माणसाच्या कमरेला होत्या. यावरून आपण लगेच छाती फुगवू नये. हा योगायोगही असेल. पण चव्हाणांवर मराठीत कपाटभर लिहिले गेले असताना, या प्रश्नाची चर्चा एखाद्या परिच्छेदातही माझ्या पाहण्यात येऊ नये, याचे नवल वाटते. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावल्याचे आपण न थकता सांगतो. सह्याद्री तेथे गेल्यावर कोणत्या कागदांवर सही करीत होता, हे विचारीत नाही.

ज्याला राजकीय इतिहास म्हणतात तो कसा असतो, हे पाहण्यासाठी मला फार दूर जावे लागले नाही. आमच्या या मार्गावर अमेरिकन सेंटर आहे, ब्रिटिश कौन्सिल आहे, जर्मनांचे मॅक्समुल्लर भवन आहे. २०१३ पासून नवे महाराष्ट्र सदनही आहे. (जुने सदन कोपर्निकस मार्गावर. खगोलशास्त्राशी दिल्लीकर मराठी माणसाचा संबंध पुष्कळ वर्षे तेवढाच होता.) याच मार्गावरील एका वाचनालयातून मी वॉल्टर मॅक्डूगल यांचा ‘द हेवन्स अँड द अर्थ’ हा १९८५ चा ग्रंथ आणला. त्याला १९८६ चे इतिहासाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. ग्रंथाचे उपशीर्षकच ‘अवकाशयुगाचा राजकीय इतिहास’ असे आहे.

त्यातील एकच प्रकरण सांगतो. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिका गाफील सापडली, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो. मॅक्डूगल दाखवतात, की मे १९५५ मध्येच राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सुरक्षा परिषदेच्या एका गुप्त टिपणीत उपग्रहाचा निर्णय झाला होता. त्या टिपणीतली चिंता पहिला क्रमांक गाठण्याची नव्हती. उपग्रह दुसऱ्या देशाच्या माथ्यावरून गेला तर तो त्या देशाच्या हद्दीचा भंग ठरू नये, ही होती. पुढे हेरगिरीचे उपग्रह सोडायचे होते, म्हणून आधी एक निरुपद्रवी, शास्त्रीय उपग्रह फिरवून वहिवाट पाडायची होती. स्पुटनिक सगळ्या देशांवरून फिरला, कोणी हरकत घेतली नाही, आणि अमेरिकेला हवी असलेली वहिवाट रशियानेच पाडून दिली! अशी कलाटणी एखाद्या कादंबरीकाराला सुचली असती तर आपण त्याची पाठ थोपटली असती. येथे ती एका कार्यालयीन कागदातून निघाली आहे. मॅक्डूगल काही ठिकाणी प्रवचनाच्या सुरात जातात, आणि सरकारने विज्ञान ताब्यात घेतल्याबद्दलची त्यांची खंत शेवटी शेवटी फार लांबते. परंतु टिपणीत नाट्य असते, हे त्यांना कळले आहे.

अर्थात त्यांना तो कागद पाहायला मिळाला. आपली अडचण येथून सुरू होते. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याप्रमाणे खात्यांनी आपले जुने, कायम जतनाचे कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यावयाचे असतात. अभिलेखागार जनपथावर आहे. आमच्या कचेरीतून चालत गेले तरी चहाच्या सुट्टीत पोहोचता येते. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच्या महासंचालकांनीच जाहीरपणे सांगितले, की १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांचे, इतकेच काय हरित क्रांतीचेही, अभिलेख आपल्याकडे आलेले नाहीत. युद्धांची ही कथा, तर अग्निबाणाची काय सांगावी! तेव्हा मराठी लेखकाला सगळा दोष देणे न्यायाचे होणार नाही. ज्या घरात कागदच मिळत नाहीत, त्या घरात आख्यायिका वाढतात.

तथापि मराठी लेखकाची म्हणून एक उणीव उरतेच. राजकारण आपल्याला लिहिता येत नाही, असे नाही. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांनी सत्तेचे अंतरंग उघडून दाखवले. पण तेथले राजकारण डावपेचांचे. राज्ययंत्र एखादी नवी वस्तू कशी घडवते, हा त्यांचा विषय नव्हे. उलट, आपल्या विज्ञानकथेला वस्तू दिसते, राज्य दिसत नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली आणि मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांच्या कथांतून बुद्धीचा आनंद ओसंडतो. परंतु त्या जगात खर्चाची मंजुरी बहुधा आधीच मिळालेली असते. गंमत अशी, की त्याच नारळीकरांचे ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्र चौथ्या नगरात, म्हणजे पुण्यात, पोहोचते तेव्हा १९८८ मधील ‘आयुका’च्या स्थापनेच्या निमित्ताने अनुदान आयोग, जमीन, इमारत, नेमणुका असे विषय पानांवर येतात. संस्था ही तारकेइतकीच कष्टाने घडते, हे त्या पानांतून कळते. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांच्यावर आलेल्या मृत्युलेखांत विज्ञानकथा होती, स्थिर विश्वाचा सिद्धांत होता. या पानांकडे फारसे कोणी वळलेले दिसले नाही.

राजकीय इतिहास लिहिला गेला तर केवळ गौरवच वाढेल, असे मात्र कोणी समजू नये. ज्या रचनेने टिपणी आठ दिवसांत संपली, त्याच रचनेत आक्षेप घेणारा बाहेरचा माणूस उरला नाही. २००५ मध्ये अवकाश विभागाच्या अँट्रिक्स या कंपनीने देवास या खाजगी कंपनीशी करार केला. फेब्रुवारी २०११ मध्ये सरकारने तो रद्द केला, आणि प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादांपर्यंत व सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एकाच वर्तुळातली माणसे निरनिराळ्या खुर्च्यांवर बसून एकमेकांच्या प्रस्तावांना मान्यता देतात, असा आक्षेप त्या वेळी जाहीरपणे घेतला गेला. आमच्या कचेरीत दुपारच्या डब्याच्या वेळी त्यावर वाद होत. दिल्लीपासून दूर राहिल्यामुळेच ते खाते मोठे झाले, असे एकाचे म्हणणे. दिल्लीपासून दूर राहिल्यामुळेच ते घसरले, असे दुसऱ्याचे. माझा कल पहिल्याकडे आहे. पण कारकून म्हणून दुसऱ्याचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही, आणि ते मी येथे प्रांजळपणे नोंदवतो.

आणखी एकच गोष्ट. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत, अमेरिकेच्या उसन्या उपग्रहावरून, सहा राज्यांतील २४०० खेड्यांना दूरदर्शनचे कार्यक्रम दाखवले गेले. या प्रयोगाच्या उभारणीत कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस यांचा मोठा वाटा होता. थुंब्याच्या आधीपासून, राष्ट्रीय समितीच्या दिवसांपासून, ते साराभाईंबरोबर होते. शेती, आरोग्य, शिक्षण यांची माहिती खेड्यात पोहोचवणारा प्रयोग म्हणून त्याचे कौतुक आपण पुष्कळ वाचले, आणि ते यथार्थ आहे. परंतु त्याच्या आधी पाच आठवडे, २५ जून १९७५ ला, देशात आणीबाणी पुकारली गेली होती. प्रयोगाचे अख्खे वर्ष आणीबाणीत गेले. वर्तमानपत्रांवर अभ्यवेक्षण बसलेल्या वर्षी खेड्याच्या चावडीवर सरकारचा पडदा लागतो. या दोन तारखा एका वाक्यात शेजारी शेजारी ठेवलेल्या मी मराठीत कोठेही वाचल्या नाहीत. प्रयोगाचा करार १९६९ चा, त्यामुळे हेतूवर संशय घेण्याचे कारण नाही. पण कार्यक्रम कोण निवडीत होते, काय गाळले जात होते, कोणी काही गाळण्यास नकार दिला का, हे प्रश्न विचारायला आपल्यातलाच एक माणूस शंभर वर्षे आपल्यासमोर होता. चिटणीस २२ ऑक्टोबर २०२५ रोजी पुण्यात निवर्तले.

या अंकाच्या वाचकांत अर्थखात्यातून, मंत्रिमंडळ सचिवालयातून, संसदेच्या प्रश्नोत्तर शाखांतून निवृत्त झालेली मंडळी आहेत. त्यांपैकी कोणाच्या टेबलावरून १९७२ नंतरच्या काळात अवकाश विभागाचा एखादा कागद गेला असेल, तर त्या कागदावर त्यांनी काय लिहिले होते आणि वरून कोणता शेरा आला होता, ते त्यांनी चार पानांत लिहून पाठवावे. आमचे सेक्शन ऑफिसर नोव्हेंबर २०२३ मध्ये निवृत्त होऊन नोएडाला राहावयास गेले आहेत. परवा फोन आला होता; उत्तर सापडले का, म्हणून विचारीत होते.